घरं सोडवणारा मामा

माझा मामा सुतार. पण घरं बांधण्यापेक्षा सोडवण्यातच त्याची हयात गेली. आमच्या गावात समुद्र अधूनमधून पुढची ओळ गिळतो. मग त्या ओळीतल्यांनी आपलं घर सुटं करायचं, फळ्या खांद्यावर घ्यायच्या आणि सगळ्यांच्या मागे जाऊन पुन्हा उभं करायचं, ही इथली रीत. म्हणून एकूण एक घर लाकडाचं आणि स्क्रूवर बसवलेलं. खिळे ठोकणाऱ्याकडे मामा कीव आल्यासारखा बघायचा. आज होड्या ओढून ठेवतात तिथे माझी शाळा होती. आईची शाळा तर पाण्यातच आहे.

मामाला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठेल, किनारा बघून येईल, पुन्हा पानावर बसेल. मामीला हे सोसेना. लग्नाआधीच तिची तीन घरं हलली होती. "मला विटांचं घर बांधून द्या, नाहीतर मी माहेरी जाते," ती म्हणाली. माहेर केव्हाच समुद्रात गेलं होतं, पण हे तिला सांगणार कोण? मामाने शेपूट घातलं. गावाला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने स्वतःला मात्र सिमेंटचं घर बांधलं. तेव्हा ते शेवटच्या ओळीत होतं म्हणा. मामीने भिंतीत कपाट करून घेतलं आणि कितीतरी वर्षं निवांत झोपली.

आता तीच ओळ पहिली झाली आहे. मागच्या महिन्यात मोरीची भिंत पाण्यात गेली. मामाने घाईघाईने मागे, रस्त्याला लागून, लाकडी खोली उभी केली. मामी जागची हलेना.

"या भिंती येणार आहेत का बरोबर?" तिने विचारलं.

मग त्याने त्याला येत होतं तेवढं केलं. पुढचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि नव्या खोलीला नेऊन बसवलं. "बिनदाराच्या घरात किती दिवस बसेल?" असं वर मलाच विचारलं. मला त्याचा भयंकर राग आला. मामीने चौकटीला चादर बांधली आणि आत भांडी घासत राहिली. वाऱ्याने चादर उडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा सगळा संसार दिसायचा. ती मान वर करायची नाही. मामा दिवसभर दोन घरांमध्ये येरझारा घालायचा. दोघांकडेही बघवत नव्हतं.

एका दुपारी मामी नव्या खोलीवर आली. डोक्यावर गादीची वळकटी, हातात पाण्याची कळशी. आता भांडण पेटणार म्हणून शेजारीपाजारी दारात आले. ती सरळ खोलीत शिरली, चारी बाजूंनी बघून घेतलं, आणि डोक्यावरचं ओझं न उतरवता मागच्या दाराने बाहेर पडून रस्त्यापलीकडे बघत उभी राहिली.

"पलीकडची जागा कुणाची?"

"माहीत नाही. कुंपण घातलंय," मामा म्हणाला.

"मग आत्ताच विचारून ठेवा," ती म्हणाली आणि गादी उतरवायला त्याच्यापुढे वाकली.