न पाहिलेल्या सामानाची यादी

उदयसिंहराव शितोळे यांच्या बुटांना कधी गोदामाची धूळ लागली नाही, आणि याचा त्यांना कोण अभिमान! पनवेलला विश्राळी नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावरच्या थंडगार ऑफिसात बसून हे गृहस्थ परदेशी जाणाऱ्या मालाच्या पॅकिंग लिस्टा करत. कुठल्या खोक्यात काय आहे, किती आहे, वजन किती, हे त्या कागदावर लिहायचं असतं. तिकडचे कस्टमवाले तोच कागद हातात धरून खोकी उघडतात. माल भरला जायचा द्रोणागिरीच्या गोदामात. गोदाम काही सातासमुद्रापार नव्हतं, पण उदयसिंहरावांनी त्याचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. यांनी शेळ्याही कधी पाहिल्या नव्हत्या.

मग यादी कशी व्हायची? सोपं आहे. मागची फाइल उघडायची, पार्टीचं नाव बदलायचं, तारीख बदलायची, की झालं. मागील पानावरून पुढे चालू. खोक्याचं वजन ते अंदाजानं धरत आणि त्या अंदाजाला अनुभव म्हणत.

गोदामाचा मुकादम बळीराम उरणकडचा, तोही यांच्याच तालमीत तयार झालेला. लिस्ट आधी यायची आणि माल नंतर भरला जायचा, हीच तिथली रीत. एकदा खोकी लिस्टीपेक्षा एकानं जास्त झाली. बळीरामनं फोन लावला. "साहेब, एक खोका जास्ती हाय. लिस्ट बदलणार काय?"

"लिस्ट बदलत नसतात रे," उदयसिंहराव म्हणाले. "खोकी बदल."

बळीरामनं दोन खोकी दोरीनं एकमेकांना बांधली आणि त्यांचं एक खोकं केलं. "आता बरोबर हाय. आमी काय, तुमी सांगाल तसा." हा किस्सा उदयसिंहराव लग्नाच्या पंगतीत सांगत, आणि वर म्हणत, "कागद बरोबर असला की जग बरोबर असतं."

त्यांची एकुलती एक लेक रेवा. लग्न करून मेलबर्नला गेली, घर लागलं, आणि मग तिनं आपलं सामान मागवलं. सामान बांधलं आईनं, म्हणजे शशिकलाबाईंनी. बैठकीच्या खोलीत खोकी मांडून बाई दिवसचे दिवस बसल्या होत्या. भांडी कागदात गुंडाळली, पुस्तकं साड्यांच्या घड्यांमध्ये घातली. सर्वांत वेळ गेला तंबोऱ्याला. रेवा शाळेत असताना तिच्या गाण्याच्या बाईंनी स्वतः मिरजेला जाऊन तो निवडला होता. रोज सकाळी ती तो घेऊन बसायची, आणि रोज सकाळी तिचे वडील पेपर घेऊन बाल्कनीत जायचे व मागे दार ओढून घ्यायचे. जाताना विमानात तो नेता आला नाही, म्हणून पोरगी तंबोऱ्याच्या गळ्यात हात टाकून रडली होती. तेव्हा उदयसिंहराव टॅक्सीवाल्याशी टोलवरून भांडत होते.

"अहो, इकडे या," शशिकलाबाई म्हणाल्या. "सगळी खोकी उघडी आहेत तोवर बघून घ्या एकदा. तुम्हालाच यादी करायची आहे ना?"

"बघायचं काय त्यात? घरोघरी मातीच्या चुली. घरगुती सामान म्हणजे घरगुती सामान. सगळ्यांकडे तेच असतं."

"तंबोरा आहे हं. तो नीट लिहा."

"वाद्य आहे लिस्टीत," ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

वाद्य होतं, हे खरं. ते ज्या जुन्या फाइलवरून लिहिणार होते, ती कामोठ्याच्या एका कुटुंबाची होती, आणि त्या कुटुंबाच्या सातव्या खोक्यात इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड होता. उदयसिंहरावांनी नाव बदललं, तारीख बदलली. की-बोर्ड राहिला. ज्या माणसानं आयुष्यभर परक्यांच्या खोक्यांत डोकावलं नाही, तो पोटच्या पोरीच्या खोक्यात डोकावेल ही अपेक्षाच चुकीची. सवय माणसं बघून सुटी घेत नाही.

मेलबर्नच्या तपासणीत सातवं खोकं उघडलं. कागदावर की-बोर्ड, आत वाळलेला भोपळा, लांब लाकूड आणि त्यावर हाडाची घोडी. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. त्या देशाला बाहेरचं लाकूड, फळ, हाड यांचा भारी धसका. खरं लिहिलं असतं तर औषध मारून वाद्य सोडून देतात. इथे लपवालपवीचा संशय आला आणि सगळंच सामान अडकलं. पत्र आलं: ही वस्तू काय आहे, कशाची बनली आहे, सामान कोणी बांधलं, यादी कोणी केली, ते लेखी कळवा. नाहीतर वस्तू जाळून टाकू.

रेवानं वडिलांना फोन केला. "बाबा, ते माझा तंबोरा जाळणार आहेत."

"काही जाळत नाहीत. मी पाठवतो लिहून. असली पत्रं मी डाव्या हातानं लिहितो."

आणि डाव्या हातानंच लिहिलं. 'वस्तू: सतार. कशाची बनली: यादीत नमूद केल्याप्रमाणे.' यादीत की-बोर्ड! तिकडच्या अधिकाऱ्यानं ते परत पाठवलं आणि खाली शेवटची मुदत टाकली.

रेवानं पुन्हा फोन केला, पण आईला. मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. भोपळा कसला, दांडी कुठल्या लाकडाची, तारा कशाच्या, सगळं त्यांनी आठवून आठवून काढलं. रेवानं स्वतःच्या नावानं जबानी लिहून दिली आणि एक प्रत वडिलांच्या ऑफिसला पाठवली. तंबोरा वाचला. घोडी मात्र हाडाची म्हणून काढून घेतली, तेव्हा घरी आला तो मुका होऊन आला. मिरजेहून दुसरी, लाकडी घोडी जाईपर्यंत तो तसाच राहणार होता.

उदयसिंहरावांनी काय केलं? त्यांनी ऑफिसात ऐट मिरवली. मालक कल्पेशभाईंना सांगितलं, "बघा, एका फटक्यात माल सुटला. पोरगी कुणाची आहे!" आणि ती जबानी न वाचता 'उत्तम नमुना' अशा नावानं सेव्ह करून ठेवली. न वाचताच! लेकीनं लिहिलेला कागद हाती आला, तर यांना त्यात सापडला काय, तर फॉर्मॅट.

पुढच्याच महिन्यात खांदा कॉलनीच्या मनस्वीताईंचं सामान मेलबर्नला जायचं होतं. या वेळी माल तिकडे अडकू नये म्हणून जबानी आधीच जोडायची ठरली. उदयसिंहरावांनी उत्तम नमुना उघडला, वरचे रकाने बदलले आणि सहीसाठी पाठवून दिला. थोड्या वेळानं बाईंचा फोन आला.

"शितोळेसाहेब, हे काय लिहिलंय? आमच्याकडे तंबोरा नाही. आणि वडिलांबद्दलचं हे काय आहे?"

"कुठलं वडिलांबद्दलचं?"

"तुम्ही वाचलं नाहीत? माझे वडील गेले हो, मी कॉलेजात असताना. ते असते ना, तर एकेक भांडं हातात घेऊन बघितलं असतं त्यांनी. असलं कुणी लिहिलं नसतं त्यांच्याबद्दल." त्यांचा आवाज चढला होता, आणि मग त्यांनी फोन ठेवलाच.

उदयसिंहरावांनी फाइल उघडली. चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच खालपर्यंत वाचलं.

'सामान कोणी बांधलं? माझ्या आईनं. यादी कोणी केली? माझ्या वडिलांनी. त्यांनी सामान पाहिलं होतं का? नाही. हा तंबोरा मी लहान असल्यापासून आमच्या बैठकीच्या खोलीत उभा होता. माझ्या वडिलांना तो काय आहे हे माहीत नाही. त्यांचा लपवण्याचा हेतू नव्हता. ते बघत नाहीत, एवढंच.'

खोटं कशाला सांगा, त्यांचे डोळे भरले. त्यांनी फोन उचलून रेवाचं नाव काढलं, आणि फोन तसाच पालथा ठेवला.

मग त्यांनी तंबोऱ्याच्या ओळीपासून खालचं सगळं खोडलं. 'यादी कोणी केली?' याच्यापुढे वडिलांच्या जागी स्वतःचं नाव घातलं, कारण कागद आजच जायला हवा होता. 'त्यांनी सामान पाहिलं होतं का?' या प्रश्नापाशी त्यांचं बोट जरा थांबलं. द्रोणागिरीला मनस्वीताईंची खोकी अजून उघडीच होती, बळीराम लिस्टीची वाट बघत बसला होता.

उदयसिंहरावांनी 'नाही' खोडलं, 'होय' लिहिलं आणि फाइल परत सहीसाठी पाठवून दिली.