दोघांचं एकदम

आमच्या गल्लीच्या टोकाला, कालव्याच्या कडेला एक जुना बंगला आहे. मध्यंतरी तिथं युरोपियन जेवणाचं हॉटेल निघालं. संध्याकाळी फिरायला गेले की काचेतून पिवळसर उजेड दिसायचा आणि त्या उजेडात समोरासमोर बसून जेवणारी माणसं. मी उगाच रेंगाळायचे. पदार्थांचं मला काही नव्हतं. समोरासमोर बसण्याचं होतं.

लग्न होऊन बारामतीत आले तेव्हापासून आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते. ह्यांना गार भाकरी चालत नाही. त्यामुळे हे जेवतात तेव्हा मी तव्यापाशी, आणि मी जेवायला बसते तेव्हा हे हात धुऊन बातम्यांपुढं. मुलं शिकून बाहेर पडली, घरात दोघंच उरलो, तरी तेच. भांडावं असं त्यात काही नव्हतं. पण एकदा तरी ह्यांच्याबरोबर पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जेवावं, असं मला फार वाटायचं. म्हणून लेकीनं वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं, तेव्हा मी त्या बंगल्यातलं टेबल मागितलं. तिला वाटलं, आईला म्हातारपणी हौस सुटली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी हे इंदापूरकडच्या रानातून पेरूची तोडणी उरकून आले होते. इस्त्रीच्या शर्टात अंग चोरून बसले. आधी भल्यामोठ्या पांढऱ्या बशीत घासभरच काहीतरी आलं. ह्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि बशी बाजूला सरकवली.

"काका, खावा की," वाढणारा म्हणाला. तो भिगवणचा होता, आधी हायवेवरच्या खानावळीत मासे वाढायचा.

"नैवेद्य न्हाय व्हय हा?" ह्यांनी विचारलं.

मी पदर तोंडाला लावला.

मग लाल भोपळ्याचं सूप आलं. ह्यांनी ते बघता बघता संपवलं. मी मात्र चमचा धरून बसलेली. ह्यांना आणखी हवं का, मीठ कमी पडलं का, हे बघितल्याशिवाय माझा हात तोंडाकडे जातच नाही. वाढणारा यायचा, टेबलाकडे नजर टाकून परत जायचा.

"पुढचं का आणंनात?" हे कुरकुरले.

"मावशींचं हू द्या की. हितं दोघांचं एकदमच आणायचं असतंय."

झालं. जन्मात पहिल्यांदा ह्यांच्यावर माझ्यासाठी थांबायची पाळी आली.

मी चमचा उचलला. सूप कोमट झालं होतं, पण सायीसारखं मऊ, गोडसर. काचेपलीकडं कालव्याचं पाणी संथ चाललं होतं आणि आतले दिवे त्यात लांबवर पसरले होते. कुठंतरी हलकं वाद्य वाजत होतं. आपण पाण्याच्या या बाजूला आहोत की त्या, असं क्षणभर झालं. आणि हे माझ्याकडं बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला जेवताना नीट पाहिलंच नव्हतं. मी नव्या नवरीसारखी लाजले आणि मला फार सुख झालं.

"लई हळू खातीस गं तू."

"रोजच खाते. तुमी बघता कुठं?"

मग लोणी-लिंबातला मासा आला. ह्यांनी काटा-चमचा उचलला आणि मी उचलेपर्यंत तसाच हातात धरून ठेवला. त्यानंतर काय काय आलं ते मला धड आठवत नाही. गोड काहीतरी होतं, त्यावर अंजीर होतं. घरचा ओटा, तवा, परात हे सगळं दुसऱ्याच कुणा बाईचं वाटत होतं. कालव्याच्या कडेनं आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तो ओटा पुन्हा माझाच होता. पहिली भाकरी टम्म फुगली, मी ती ह्यांच्या ताटात टाकली. हे तिच्याकडं बघत बसून राहिले. वाफ विरून गेली.

"खावा की, गार व्हाया लागली."

"हू दे. तुझ्या समद्या हू देत."

शेवटची भाकरी काढली, गॅस बंद केला आणि ताट घेऊन समोर बसले. तेव्हा कुठं ह्यांनी भाकरी मोडली. ती पार वातड झाली होती. ह्यांनी तोंड वाकडं केलं, तरी संपवली, आणि माझं होईपर्यंत उष्टा हात वाळवत ताटावर बसून राहिले.