दुसरी माय

नातीच्या कॉलेजचं माहितीपुस्तक आज टपालानं आलं आणि त्याच्या गुळगुळीत कागदाचा वास घेताच मला दवनीवाड्याचं आमचं खळं आठवलं. मॅट्रिकला माझ्यापेक्षा कमी मार्क मिळालेली माझी चुलतबहीण नागपूरच्या मिशनच्या कॉलेजातून दिवाळीला घरी आली होती आणि आम्ही मायलेकी धान पाखडत होतो तिथंच असलं पुस्तक उघडून बसली. लहानसं दगडी कॉलेज, प्रार्थनाघराची घंटा, लाकडी शिडीवर चढून पुस्तकं काढायचं ग्रंथालय. "मुली थोड्याच आहेत, त्यामुळे मदर प्रत्येकीला नावानं ओळखतात," ती म्हणाली. चार महिन्यांत मेलीची भाषासुद्धा शहरी झाली होती! धानाच्या कुसांनी खाजणारे माझे हात त्या पानाला लागू नयेत म्हणून तिनं पुस्तक हळूच आपल्याकडे ओढलं, ते मी पाहिलं. "मदर म्हंजे का?" आईनं विचारलं. "आई." "घरी माय असून तिथं दुसरी माय कायले पायजे वो बाई?" खळ्यावरच्या साऱ्या बाया खदखदून हसल्या. मी हसले नाही. "तू काऊन तोंड फुगवून राहिलीस?" आई म्हणाली. "मलेबी दुसरी माय पायजे," मी बोलून गेले. आईचं सूप थांबलं. मग ती पुन्हा पाखडू लागली, माझ्याकडे न बघता. "आजी, काय शोधून राहिलीस एवढं?" नात आत्ता विचारते आहे. ग्रंथालयाच्या फोटोत मी ती शिडी शोधते आहे.