चढतं भाडं

गारखेड्यात लग्न असो, बारसं असो की तेरावा, आमच्या भागातल्या माणसाला आधी बद्रीनाथ आठवतो. खुर्च्या, गाद्या, कनाती, कुलर, जनरेटर, सगळं त्याच्याकडे भाड्याने मिळतं. मूळचा तो पाचोडकडचा. घरी मोसंबीची बाग. थोरल्या भावाने शेती धरली आणि हा शहरात आला. सुरुवातीला त्याची स्वतःची एक खुर्चीही नव्हती. एकाच्या खुर्च्या घेऊन दुसऱ्याला द्यायचा आणि मधला फरक ठेवायचा. आज त्याचं गोदाम आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. संध्याकाळी त्या शटरसमोर चार माणसं गप्पा मारत बसलेली असतात. मीही त्यातलाच.

त्या गप्पांत बद्रीनाथचं एक म्हणणं ठरलेलं असायचं. देणारा आणि घेणारा राजी असतील, तर मध्ये तिसऱ्याने पडू नये. हे तो कुठे वाचून शिकला नव्हता. लहानपणी बागेत मोसंबीचा एकच व्यापारी आला, की त्याचे वडील हात बांधून उभे राहायचे. दोन व्यापारी आले, की तेच वडील बाजेवर बसून बोलायचे.

"तवाच मला कळलं," तो म्हणायचा. "मागणी वाढली की माल येतो अन् माल वाढला की भाव उतरतो. कुणी हुकूम सोडायची गरज नाय."

हे ऐकलं की काकासाहेब खुर्ची पुढे ओढायचे. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, आमच्या गल्लीतले सगळ्यात वडीलधारे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या आईने सरकारी कामावर खडी फोडून घर जगवलं होतं, आणि त्याच वेळी गावातल्या अडत्याने ज्वारी कोंडून ठेवली होती. "संकटात बाजार मोकळा सोडला तर तो गरिबाला खातो, बद्री. मी डोळ्यांनी पाहिलंय," ते म्हणायचे. दोघांचं कधी पटलं नाही, पण एकमेकांशिवाय त्यांना करमायचंही नाही.

मग कोरोना आला. ऐन लग्नसराईत टाळेबंदी लागली. पहिलं वर्ष बद्रीनाथने कसंतरी ढकललं. दुसऱ्या वर्षी लग्नाच्या तारखा निघाल्या, लोकांनी बयाणे दिले आणि पुन्हा सगळं बंद झालं. गोदामातल्या गाद्यांना उंदीर लागले.

ते २०२१ चे मार्च-एप्रिल आमच्यापैकी कुणी विसरणार नाही. दवाखान्यांत खाट मिळेना. ज्यांना थोडाच ऑक्सिजन लागत होता, त्यांना डॉक्टर सांगायचे, घरी मशीन लावा, खाट दुसऱ्याला लागेल. हे मशीन विजेवर चालायचं आणि हवेतूनच ऑक्सिजन गाळून द्यायचं. पण ते मिळायचं कुठे? ओळखीच्या एका डॉक्टरने बद्रीनाथला फोनवर विचारलं, "तू जगातलं सगळं भाड्याने देतोस, मग हे का देत नाहीस?"

बद्रीनाथने त्याच आठवड्यात मोठं जनरेटर विकलं आणि पुण्याच्या एका विक्रेत्याकडून दुप्पट किमतीला दोन मशीनं आणली. त्याची बायको आशाबाई चिडली.

"लग्नाचं जनरेटर विकून आजारपणाचा धंदा करता? लोकं काय म्हणतील?"

"लोकं काय बी म्हणू दे. मशीन मागायला इथंच येतील."

लोक आले. बद्रीनाथने भाड्याची एक वेगळीच पद्धत काढली. सुरुवातीचे काही दिवस एक भाव आणि त्यानंतर रोज चढता भाव. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच मशीन. त्याचा जुना इलेक्ट्रिशियन बन्सी ते घरोघर पोचवायचा, लावून द्यायचा आणि परत आलं की पुसून, गाळणी बदलून पुढच्या घरी न्यायचा. आजारी माणूस सावरला, की घरचेच फोन करायचे, "बद्रीभाऊ, घेऊन जा बाबा तुझं मशीन." दोनच मशीनं, पण ती एका जागी बसत नव्हती.

काकासाहेबांना ते चढतं भाडं कळलं आणि ते मास्क लावून थेट गोदामासमोर येऊन उभे राहिले.

"माणूस गुदमरतोय अन् तुझं भाडं चढतंय? लाज नाही वाटत?"

"भाडं चढलं नाय तर मशीन परत येत नाय, काकासाहेब."

"लोकांवर विश्वास ठेवायला शीक."

त्यांनी फोन फिरवून देणग्या गोळा केल्या आणि तीन मशीनं विकत घेतली. ज्याला लागेल त्याला फुकट. गल्लीत सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, मीही केलं. तिन्ही मशीनं दोन दिवसांत गेली आणि परत काही येईनात. काकासाहेब फोन करायचे. कुणी सांगायचं, आईला अजून धाप लागते. कुणी म्हणायचं, आणखी चार दिवस असू द्या, पुन्हा लागलं तर कुठे पळायचं? ती माणसं वाईट नव्हती. घाबरलेली होती.

अशातच म्हाळसाबाई आली. गल्लीच्या मागे एक इमारत अर्धवट बांधून थांबली होती. तिचा नवरा मुंजाबा तिथे वॉचमन होता, ती बिगारी काम करायची. राहायला तिथलंच पत्र्याचं शेड. मुंजाबाला ताप येऊन आठवडा झाला होता आणि आता बोलताना दम लागत होता. दवाखान्यातून तिला औषधं मिळाली, खाटेसाठी नाव लिहिलं गेलं, आणि तोवर मशीन मिळतं का बघा, असं सांगितलं. ती आधी काकासाहेबांकडे गेली. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. मग ती गोदामावर आली. योगायोगाने एक मशीन नुकतंच परत आलं होतं.

तिने भाडं विचारलं. बन्सीने सांगितलं.

"रोकड नाय माज्याकडं," ती म्हणाली. "पर बोकडं हायत चार. माजा भाऊ सोनाजी सांभाळतो, तिकडं पाचोडच्या अंगाला. इदीसाठी राखली व्हती. आता इकायला काढली तर बाजार बंद. दारावर एक येपारी येतो, तो निम्म्या भावात मागतो. म्हनतो, द्यायचं तर दे, दुसरं कोन येतंय?"

बद्रीनाथ स्टुलावर बसला होता, तो उठून उभा राहिला. मी समोरच्या ओट्यावर होतो. त्याचा चेहरा मला दिसला. दारात एकच व्यापारी असला की माणूस कसा उभा राहतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बन्सी, मशीन टेम्पोत टाक," तो म्हणाला. "ताई, आधी मुंजाबाला श्वास घेऊ द्या. सोनाजीचा नंबर सांगा."

मशीन शेडमध्ये सुरू झालं. तिथली वीज सारखी जायची, म्हणून बद्रीनाथने मंडपाचा इन्व्हर्टरही तिथेच ठेवला. मग तो फोन घेऊन बसला. ज्या आचाऱ्यांबरोबर त्याने शेकडो लग्नं केली, त्यांच्याकडून मटणवाल्यांचे नंबर मिळाले. शहागंजाकडचे लतीफभाई म्हणाले, "भाई, बकरे का वजन बोलो, फोटू भेजो. दाम मैं सही देतूं."

सोनाजीने आयुष्यात कधी बोकड तोलून विकलं नव्हतं. बाजारात सगळा सौदा नजरेने आणि कमरेला हात लावून व्हायचा. त्याने एकेक बोकड उचलून सरकी-पेंडीच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं आणि आकड्याचा फोटो पाठवला. बद्रीनाथने तेच फोटो आणखी दोघांना पाठवले. दुपारपर्यंत तिघेही एकमेकांवर चढ करत होते. शेवटी लतीफभाईंचा टेम्पो थेट सोनाजीच्या शेळ्यांच्या वाड्यावर गेला. दारावरच्या व्यापाऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे आले. म्हाळसाबाईने भाडं स्वतः आणून दिलं. बद्रीनाथ सुरुवातीच्याच भावाने घ्यायला लागला, तर ती म्हणाली, "चढंल तसं घ्या. मला मशीन ठिवून घ्यायची हौस नाय."

त्या संध्याकाळी बद्रीनाथ खूश होता. काकासाहेब लांबूनच बोलले, "पाहिलं मी. चांगलं केलंस. पण तिच्याकडे बोकडं तरी होती. ज्याच्याकडे कोंबडीसुद्धा नाही, त्याचं काय करतो तुझा बाजार?"

बद्रीनाथ उठला आणि शटर खाली ओढू लागला.

दोन-तीन दिवसांनी फकिरा कोरोनाने गेला. आमच्याच चौकातला रिक्षावाला. रिक्षा बंद, कमाई बंद. काकासाहेबांकडे त्याने मशीन मागितलं होतं, बद्रीनाथकडे भाड्यामुळे तो आलाच नाही. मशीन मिळालं असतं तर तो वाचलाच असता, असं कुणी सांगू शकत नाही. पण काकासाहेबांचं एक मशीन त्याच्या घराजवळच, एका बऱ्या झालेल्या माणसाच्या पलंगाखाली बंद पडून होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी काकासाहेब गोदामावर आले. रात्रभर झोपले नसावेत. बद्रीनाथने खुर्ची दिली आणि स्वतः लांब बसला.

"माझी मशीनं परत कशी आणू, सांग," काकासाहेब म्हणाले.

"मशीन फुकट देऊ नका. भाडं फुकट द्या," बद्रीनाथ म्हणाला. "मशीनं सगळी एका जागी ठिवू, बन्सी फिरवील. ज्याला झेपतं त्यो भाडं भरील. ज्याला झेपत नाय त्याचं तुमच्या देणग्यांतून भरा. पर डॉक्टरनं बास म्हणल्यावर बी कुणी ठेवलं, तर चढतं भाडं त्यानं स्वतःच्या खिशातून भरायचं. मग तो कुणी बी असो."

"आणि भाव? तो तू मनाला येईल तसा ठरवणार?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"शटरवर रंगवायचा. सगळ्यांना दिसेल असा. आणि सुरुवातीच्या दिवसांचा भाव कुणालाही जास्त नाही."

"कबूल. पर फकिरासारखा माणूस लाजून मागं राहिला तर? तो काय इथं येऊन सांगणार नाय."

"ते माझ्याकडे. मी घरोघर विचारीन," काकासाहेब म्हणाले.

दुपारी पेंटर नव्हता म्हणून आशाबाईनेच शटरवर रंगाने भाव लिहिला. काकासाहेबांनी तिन्ही घरी फोन करून उद्यापासून भाडं सुरू होतंय असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोन मशीनं बन्सीच्या टेम्पोत परत आली. तिसरं आणायला काकासाहेब स्वतः गेले. त्या घरी ते काय बोलले, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर पाचही मशीनं फिरत राहिली. आमच्या गल्लीबाहेरही जाऊ लागली. भाडं मिळतंय हे पाहून बजाजनगरच्या, पाण्याचे पंप भाड्याने देणाऱ्या एकाने मशीनं मागवली, मग आणखी दोघांनी. मेच्या शेवटी आशाबाई शटरवरच्या भावावर रंग फिरवून दुसरा, कमी भाव लिहीत होती. बद्रीनाथ तिच्यामागे उभा राहून हसत होता. हातातला धंदा स्वस्त होताना एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मुंजाबा वाचला. आधी शेडच्या दारापर्यंत चालला, मग गेटपर्यंत. म्हाळसाबाईच्या फोनमध्ये लतीफभाईंचा नंबर राहिलाच. सोनाजीच्या शेजारपाजारच्यांची बोकडंही ती फोनवरून विकून देऊ लागली आणि आपली दलाली ठेवू लागली. बाजार उघडल्यावर दारावरचा व्यापारीही भाव वाढवून बोलू लागला.

बद्रीनाथच्या वयाच्या लोकांचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा महापालिकेच्या केंद्रावर बद्रीनाथ रांगेत होता आणि त्याच्या मागे त्याला चिडवायला काकासाहेब, कारण त्यांचा स्वतःचा डोस कधीच झाला होता.

"का रे, इथे भाव कसा नाही? फुकट घेतोस?"

"माझा खोकला तुम्हाला लागतो, त्यात मी अन् तुम्ही राजी कुठं असतो?" बद्रीनाथ म्हणाला. "ह्याच्यात सरकारनं पडलंच पाहिजे."

काकासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. अंतर ठेवायचं ते दोघंही विसरले.

लग्नं परत आली. बद्रीनाथने नवीन जनरेटर घेतलं. देणग्यांतले उरलेले पैसे मात्र तसेच आहेत, आणि त्यातून गल्लीत संध्याकाळचा एक दवाखाना काढायचं सध्या चाललंय. काकासाहेब म्हणतात, फी ठरलेली आणि एकच हवी. बद्रीनाथ म्हणतो, डॉक्टरला परवडलं पाहिजे, नाहीतर तो महिन्यात पळून जाईल. म्हाळसाबाई आता इथेच खोली घेऊन राहते आणि तिनेही दवाखान्यासाठी पैसे दिलेत. परवा दोघांचा आवाज चढला, तेव्हा ती मध्येच म्हणाली, "अवो, भांडण मागून करा. आधी डाक्टर तर बघा."

उद्या सकाळी दोघं एकाच मोटारसायकलवर डॉक्टर शोधायला निघणार आहेत.