गाभाऱ्यातला सुतळीबॉम्ब

आमच्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला अंगणाच्या मधोमध होतो आणि त्याच्याभोवती पोरं अख्खं अंबरनाथ मांडतात. काडेपेटीच्या जुन्या कारखान्याची चिमणी, स्टेशनचा पूल, आणि मानाच्या जागी प्राचीन शिवमंदिर. मंदिराचा सल्लागार मी. म्हणजे चिखलात हात पोरांचे, आणि मी खुर्चीवरून सांगणार, "शिखर अर्धवटच ठेवा, खऱ्या देवळाचंही तसंच आहे. गाभारा खोल घ्या, पायऱ्या उतरून जायचं असतं." यंदा तो इतका खोल झाला की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल सगळ्यांनी आपापल्या फराळाचे फोटो टाकले. आमच्यात तशी पद्धतच आहे.

दिवाळी सरली की किल्ला सुतळीबॉम्बने उडवायचा, हा पोरांचा रिवाज. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती परवानगी मागायला आली. मी मोठ्या मनाने म्हटलं, "उडवा!" आणि घरी येऊन करंजी घेतली.

गॅलरीत आत्या दिव्यात तेल घालत होती. तिचं गाव बारवी धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा तिने भांडीकुंडी नंतर आणली, आधी बांधावरचा देव आणला. देव म्हणजे शेंदूर फासलेला, नारळाएवढा दगड. अंगावर एक जुनी चीर. वॉशिंग मशीन आणि कुंड्या यांच्यामध्ये त्याची जागा. ती आज रिकामी होती.

"आत्या, देव कुठाय?"

"देवळात."

"कुठल्या?"

"तुमच्याच. खाली पोरांनी केलंय नं. इतकी वर्सं मशीनच्या घरघरीत बसला बिचारा. म्हटलं, ऱ्हाऊ दे एक दिवस देवळात. दुपारीच ठेवला, पार आत. आता दिवा लावाय चालले."

मी उष्टी करंजी कुंडीवरच ठेवली. बॉम्बला खड्डा लागतो, आणि अख्ख्या किल्ल्यात आयता खड्डा एकच होता. माझ्या सल्ल्याने खणलेला.

मी जिन्यावरून "थांबा! थांबा!" ओरडत धावलो. एक चप्पल पहिल्या मजल्यावर राहिली. अंगणात पाऊल टाकलं आणि धडाम!

कान बधिर झाले. पोरं आनंदाने नाचत होती. मंदिर नव्हतंच, किल्ल्याचा एक बुरूज घसरत होता. मी भाऊबीजेच्या नव्या कुर्त्यानिशी गुडघ्यांवर बसून माती उपसायला लागलो. पोरं नाचणं सोडून भोवती जमली. "काका, काय शोधताय?" मी उपसतच राहिलो. चिमणीपाशी दगड हाताला लागला. गरम, काळा पडलेला, शेंदराचे पापुद्रे सुटलेले.

आत्या दिवा सांभाळत आली. मी दगड पुढे केला. तिने पदराने तो पुसला आणि चिरेवरून अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत. पुन्हा एकदा.

"चीर हाय तेवढीच हाय," ती म्हणाली आणि देव मांडीवर घेऊन तिथेच मातीत बसली.

मग तिने मला न्याहाळलं. "आन् उडवा म्हणून सांगितलं कोणी?"

सगळ्या पोरांनी एकदम माझ्याकडे बोट केलं.

"वाटलंच."

मी देव उचलून घराकडे वळलो, तर तिने कुर्ता धरला. "गॅलरीत नको. देऊळ मोडलंत नं? बांधा आता."

पोरांनी विटा आणल्या. या वेळी चिखलात हात माझे होते. कुंपणाजवळ गुडघाभर उंचीचं देऊळ उभं राहिलं. शिखर अर्धवट आहे, पण ते परंपरेमुळे नव्हे, मला जमलं नाही म्हणून. परवा नव्याने राहायला आलेल्या बाईंनी हात जोडून विचारलं, "फार जुनं स्थान दिसतंय, नाही?"

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "याला नका विचारू."