आधी चांगुणा जेवणार

चांगुणाचं नाव निघालं की गावातली जुनी माणसं अजून म्हणतात, "बाई लई आगाव!" अहो, होतीच आगाव. पाथर्डीकडच्या त्या दगडधोंड्यांच्या गावात सुनेनं मान वर करून बोलायची रीत नव्हती, आणि हिनं मान वर केली ती पुन्हा खाली घेतलीच नाही. पण का वर केली, हे मात्र कुणी सांगत बसत नाही.

पहिली मुलगी झाली तेव्हा ती अगदी गरीब गाय होती. सासू बनुबाई गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, पोराला बाधतं असं ती म्हणायची. तो पिळून टाकायचा आणि पोराला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चोखवायचं. मग घुटी. ऊन तापलं की वाटीनं पाणी, आणि वर शेळीचं दूध. सगळं रीतीप्रमाणं झालं, आणि मुलीला हगवण लागली. डोळे खोल गेले, टाळू बसली, पोर हातची गेली. "देवाची हुती, देवानं नेली," म्हणून बनुबाई पदरात तोंड खुपसून रडली. चांगुणा रडली नाही. तिला संताप आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दवाखान्यातल्या रोझी नर्सबाईला तिनं सरळ विचारलं, माझी पोर कशानं गेली? रोझीबाई म्हणाली, "आता पुढच्या खेपेला चीक टाकू नको. पोरगं बसायला लागेपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नको. पाणीसुद्धा नको." चांगुणानं ते मनात पक्कं धरलं.

बहात्तर सालच्या दिवाळीनंतर, दुष्काळ डोक्यावर बसलेला असताना, मुलगा झाला. नाळ कापून बनुबाई हात धुवायला वळली, तेवढ्यात हिनं पोर छातीला लावलं.

"अगं ए भवाने! चीक हाय त्यो! मारतीस का काय पोराला?"

"आत्याबाई, गाय व्याली की वासराला आधी चीक पाजता का न्हाई? न्हाई पाजला तर मामा समद्यांचा उद्धार करत्यात."

"ते जनावर हाय!"

"मग जनावरापाशी जेवढी अक्कल चालवता, तेवढी माज्या लेकरापाशी चालवा."

मामा म्हणजे सासरे काकासाहेब, ते बाहेर ओट्यावर नुसते खाकरले. बनुबाईनं मात्र महिनाभर अबोला धरला. शेजारणी यायच्या, बाळाकडं बघून हळहळायच्या. "घुटी न्हाई, पाणी न्हाई, जगायचं कसं गं ह्यानं?"

"तुमच्या नजरंतनं वाचला तर जगंल," चांगुणा म्हणायची.

पोराचं नाव ठेवलं कानिफनाथ. कानिफ चांगला बाळसेदार झाला, मनगटाला वळ्या पडल्या, तसं शेजारणींचं हळहळणं थांबलं.

शिमग्यापर्यंत विहिरी आटल्या. सगळं घर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहायला जाऊ लागलं. चांगुणा कानिफला बरोबर न्यायची, बाभळीला झोळी बांधायची आणि पोर रडलं की पाटी टाकून पळायची. मुकादम एकदा खेकसला, "सारखी कुठं पळतीस गं?"

"पोराला पाजाया. तुमी काय बिनदुधाचंच वाढला व्हय?"

सगळ्या बाया खदखदून हसल्या.

पण चैत्रात दूध आटायला लागलं. पोर ओढायचं, सोडायचं, किंचाळायचं. मनगटाच्या वळ्या सैल पडल्या. कारण उघड होतं, पण घरात कुणाला दिसेल तर शपथ! रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, मोजक्याच भाकरी. आधी काकासाहेब जेवणार, मग नवरा आसाराम, मग सासू. दुरडीत उरेल ते सुनेचं. टँकरच्या पाण्याचंही तसंच, घागर तळाला गेली की हिची पाळी.

एका संध्याकाळी सगळे कामावरून आल्यावर कानिफ रडून रडून लाल झाला. बनुबाई वाटीत पाणी घेऊन आली. "बास झाला तुजा हट्ट. घसा सुकलाय लेकराचा." तिलाही नातू हवाच होता.

वाटी बघून चांगुणाच्या मनात आलं, आपलंच चुकत असलं तर? हेही गेलं तर गाव तर बोलेलच, पण आपण आपल्याला कसं तोंड दाखवायचं? तिनं वाटी घेतली, तोंडाला लावली आणि घटाघटा स्वतःच पिऊन टाकली.

"अगं कैदाशिणी!"

"त्याची तहान माज्यातनं भागती, आत्याबाई. आनखी द्या."

चुलीपाशी काकासाहेबांचं ताट वाढून ठेवलेलं होतं. चांगुणा पोराला मांडीवर घेऊन सरळ त्या ताटावर बसली. हातपाय धुऊन आलेले काकासाहेब दारातच थबकले.

"अगं, आबांचं ताट हाय ते!" आसाराम ओरडला.

"ठावं हाय. पोर जगवायचं आसंल तर आधी मी जेवनार. आज बी आन् उद्या बी. न्हाईतर मग तुमी पाजा त्याला."

तिनं भाकरी मोडली. घासामागून घास ती खात राहिली. आसाराम तिला उठवायला पुढं झाला, तशी बनुबाईनं त्याला हातानं अडवलं.

"जेवू दे तिला." मग चुलीकडं तोंड फिरवून ती म्हणाली, "माजी चार पोरं गेली. चारी खेपंला समदे म्हनले, बनेच्या अंगाला दूध न्हाई. बाई, तू जेवलीस का, असं एकानं बी इचारलं न्हाई."

एवढं बोलून तिनं स्वतःच्या वाटणीची भाकर चांगुणाच्या ताटात टाकली. चांगुणानं तिची अर्धी करून परत दिली. "तुमी बी बसा." आणि त्या घरात पहिल्यांदाच बाया आधी जेवल्या, बाप्ये दारात उभे राहिले.

दूध दुसऱ्या दिवशी उतरलं नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. पण चांगुणा रोज सगळ्यांच्या आधी ताटावर बसत राहिली, आणि अक्षयतृतीयेच्या सुमाराला पिता पिता कानिफच्या हनुवटीवरून दूध ओघळायला लागलं.