हिराआत्याचं बाशिंग

पेठच्या डोंगराकडून एखादं जोडपं नाशकातल्या आमच्या वस्तीत राहायला आलं, की हिराआत्या पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न पुढे करायची. "लगीन लावलंय, का नुसतेच नांदताय?" मी आले तेव्हा माझ्या कडेवर मुलगी होती आणि शेजारी नाशिकची घरमालकीण उभी होती. आमच्याकडे आधी संसार मांडतात, गावजेवणाची ऐपत आली की लग्न लावतात. पण हे शहरात एवढ्या मोठ्यानं विचारायचं असतं का?

सातवीत शाळा सोडलेली मी. मखमलाबादच्या मळ्यात भाजी खुडायचं काम, रेशनकार्ड, मुलीची अंगणवाडी, सगळं तिनंच लावून दिलं. त्यामुळे तिच्यावर चिडता यायचं नाही, आणि चिडल्यावाचून दिवस जायचा नाही.

या वस्तीत सगळ्यात आधी येऊन राहिलेल्या घरांपैकी तिचं एक. आणि गंमत म्हणजे तिचं आणि सोमाबाबांचं स्वतःचंच लग्न लागायचं राहिलेलं. आईबापाचं लागल्याशिवाय पोराचं लावत नाहीत, म्हणून तिच्या मुलाचं, रमेशचं ठरलं तेव्हा तिचीही पाळी आली. रमेश अंबडला कंपनीत. त्याचं म्हणणं, त्याच्या लग्नाचे पाहुणे यायच्या आत, त्याच दिवशी पहाटे, घरातल्या घरात उरकून टाकू. आत्या तयार झाली, पण बाशिंग बांधून, नवरीच्या साडीत फोटो काढणारच म्हणाली. "माझ्याबरच्या बाया राबून राबून गेल्या. एकीचा तरी नवरीचा फोटो हाय का? मी काढणार." कंपनीतली पोरं हसतील, म्हणून रमेश हटून बसला. मी दोघांचे निरोप पोचवायचे आणि दोघांच्या शिव्या खायच्या.

पहाटे आत्याचं लग्न लागलं. फोटोवाल्याला रमेशनं मुद्दाम उशिरा बोलावलं होतं. मी हात जोडले, आत्या, आता तू वरमाय, साडी बदल. ती ऐकतेय कसली. तोंडाला हळद, कपाळाला बाशिंग, तशीच सोमाबाबांचा हात धरून भाजीबाजारातून स्टुडिओकडे निघाली. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बघत राहिल्या. मी मागे, पदर नाकापर्यंत ओढून. स्टुडिओवाल्यानं कौतुकानं विचारलं, "आजी, लग्नाला पन्नास वर्षं झाली का?"

"नाय रे. आजच लागलंय."

तो दोघांचा फोटो मोठा करून तिनं दारासमोरच्या भिंतीवर लावला. रमेश कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आत्या गेली. दहाव्याला फोटो हवा होता, आणि दुसरा फोटोच नव्हता. नवरीच्या फोटोला हार कसा घालायचा, असं म्हणत रमेश तो काढून घेऊन निघाला. मी आडवी गेले. म्हटलं, आहे तसाच लाव, तिनं हट्टानं काढलाय. "तुला यातलं काय कळतं," म्हणून त्यानं मला बाजूला सारलं. ज्यांच्या आधारानं राहतो त्यांच्याशी किती भांडणार? संध्याकाळी फोटो भिंतीवर परत आला. कॉम्प्युटरवर बाशिंग पुसलेलं, हळद धुतलेली, मागे निळा रंग भरलेला. आत्या एकटीच.

आता सोमाबाबा रोज त्या भिंतीपुढे उभे असतात. परवा त्यांनी मला हाक मारली आणि काचेच्या कडेवर बोट टेकवलं.

"पोरी, मी हितं हुतो ना?"